स्प्लिट रॉक दीपगृह, सुपीरियर सरोवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेआपोलिस–सेंट पॉलकडची मराठी कुटुंबे पानगळीचे रंग पाहायला उत्तरेकडे निघाली की सरोवराकाठच्या एका कड्यावरच्या दीपगृहापाशी हमखास थांबतात. फोटो घरच्या ग्रुपवर जातो आणि प्रश्न सुरू होतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे दीपगृह नेमके कुठे आहे?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या वायव्य काठावर. या काठाला तिकडे सगळे ‘नॉर्थ शोअर’ म्हणतात. डुलुथ बंदरापासून हायवे ६१ ने ईशान्येला सुमारे ७५ किलोमीटर गेले की उजव्या हाताला फाटा लागतो. मिनेआपोलिसहून डुलुथ साधारण अडीचशे किलोमीटर, म्हणजे एकूण साडेतीन-चार तासांचा रस्ता. वाटेत टू हार्बर्स नावाचे बंदराचे गाव लागते. ते लक्षात ठेवा, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते येणार आहे.

२. तलावाला दीपगृह कशाला? दीपगृह तर समुद्रावर असते ना?

‘तलाव’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पवई किंवा रंकाळा. सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या वर, सर्वांत खोल जागी खोली ४०६ मीटर. पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने पाहिले तर गोड्या पाण्याचे जगातले सर्वांत मोठे सरोवर हेच. काठावर उभे राहिल्यावर समोरचा किनारा दिसत नाही, क्षितिज दिसते.

आणि या पाण्यावर वाहतूक चालते ती मुख्यतः लोहखनिजाची. १८५५ मध्ये सू सेंट मेरी येथील जलपाशांमुळे (पाणी भरून-सोडून जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या कोठ्या) सुपीरियर खालच्या सरोवरांना जहाजांनी जोडले गेले. १८८४ पासून टू हार्बर्सहून लोहखनिज निघू लागले. १८९२ मध्ये मेसाबी या लोहखनिजाच्या पट्ट्यातला माल सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पोलादाचा मोठा भाग याच वाटेने जाणाऱ्या खनिजावर उभा होता. एवढी जहाजे, इतका खडकाळ किनारा आणि रात्री काठावर जवळपास काळोख, दीपगृह लागणारच.

३. गोडे पाणी म्हणजे लाटा लहान, धोका कमी, असे नाही का?

नाही. उलट काही बाबतींत जास्तच. महासागरात लाटा लांबलचक येतात, दोन लाटांत जहाजाला सावरायला वेळ मिळतो. सरोवरात वाऱ्याला धाव घ्यायला जागा मर्यादित, त्यामुळे लाटा जवळजवळ आणि चढाला उभ्या असतात. उंचीही कमी नसते: ऑक्टोबर २०१७ मध्ये मार्केट (Marquette) नावाच्या काठावरच्या शहराजवळ तरंगत्या उपकरणावर सुमारे ८.८ मीटरची लाट नोंदली गेली.

दुसरी गोष्ट थंडीची. गोडे पाणी शून्य अंशालाच गोठते, खारे पाणी त्याच्या जवळपास दोन अंश खाली. नोव्हेंबरमध्ये डेकवर उडालेले तुषार तिथेच बर्फ होऊन बसतात आणि जहाज जड होत जाते. नोव्हेंबरच वाईट का, तर उन्हाळ्यात तापलेले पाणी अजून पुरते निवलेले नसते आणि वरून कॅनडाची कोरडी थंड हवा येऊन आदळते. या दोहोंच्या भांडणात कमी दाबाची वादळे फोफावतात.

४. हे दीपगृह बांधायचे ठरले ते कशामुळे?

एका वादळामुळे. २७-२८ नोव्हेंबर १९०५ च्या या वादळाला ‘मटाफा वादळ’ म्हणतात. त्यात २९ च्या आसपास जहाजे बुडाली, फुटली किंवा किनाऱ्यावर चढली आणि छत्तीस खलाशी गेले.

‘मटाफा’ हे खनिजवाहू जहाज डुलुथहून निघाले होते. वादळ पाहून ते परत फिरले, पण बंदराच्या अरुंद कालव्यात शिरताना धक्क्यावर आपटले आणि काठापासून काहीशे मीटरवर रुतून मोडले. हजारो डुलुथकर किनाऱ्यावर जमले होते, शेकोट्या पेटल्या होत्या, पण बोट घालता येईना. जहाजाच्या मागच्या भागात अडकलेले नऊ जण रात्रभरात गेले, बरेचसे गारठून.

आपल्या कड्याशी थेट संबंध आहे तो दुसऱ्या जोडीचा. ‘विल्यम ईडनबॉर्न’ ही आगबोट ‘मडीरा’ नावाचा १३३ मीटर लांबीचा पोलादी बार्ज दोराने ओढत चालली होती. बार्जला स्वतःचे इंजिन नव्हते. हिमवादळात दिशा हरवली, दोर सोडावा लागला. ईडनबॉर्न स्प्लिट रॉक नदीच्या मुखाजवळ किनाऱ्यावर चढली. मडीरा तिथून थोड्या अंतरावर, गोल्ड रॉक नावाच्या कड्यावर आदळू लागला. त्यावरच्या फ्रेड बेन्सन या खलाशाने हातात दोर घेऊन कड्यावर उडी मारली, बर्फाळ कातळ चढून गेला आणि वरून दोर सोडला. दहापैकी नऊ जण त्या दोराने वाचले. मेट, म्हणजे कप्तानाचा दुय्यम, जेम्स मॉरो मात्र बार्जबरोबर गेला. वाचलेल्यांना दोन दिवसांनी ‘एडना जी.’ या टगने, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या बोटीने, टू हार्बर्सला नेले. तो टग आजही त्या गावी जपून ठेवलेला आहे. वाट वाकडी करून पाहावा असा आहे.

५. पैसे कोणी दिले, सरकारने की पोलाद कंपनीने?

सरकारने. पण धोशा लावला तो कंपनीने. वादळात सापडलेल्या जहाजांपैकी बरीच यू. एस. स्टीलच्या ताफ्यातली होती, आणि त्यांचा बाहेर कुठे विमा नव्हता. नुकसान थेट खिशाला लागले. जहाज कंपनीचे प्रमुख शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि १९०७ मध्ये काँग्रेसने दीपगृह आणि धुक्याचा भोंगा यांसाठी ७५,००० डॉलर मंजूर केले. खलाशांचे जीव आणि मालकांचा तोटा, दोन्ही कारणे खरी होती. संसदेत जास्त जोरात कोणते वाजले असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

६. रस्ताच नव्हता तर कड्यावर बांधले कसे?

पाण्याकडून. १९०९ च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले. आराखडा दीपगृह खात्याचे तरुण अभियंता राल्फ रसेल टिंकम यांचा, कंत्राट डुलुथच्या कंपनीचे. जवळपास रस्ता नाही, रेल्वे नाही, वस्ती म्हणजे थोडे मासेमार. म्हणून आधी वाफेवर चालणारी यारी कड्याच्या माथ्यावर बसवली. मग खाली बोटीतून आलेली प्रत्येक वीट, सिमेंटचे पोते, लोखंड, कामगारांचे खाणेपिणे असे सगळे सुमारे ३४ मीटर वर ओढून घेतले. पाया घालायला कातळ सुरुंगाने फोडावा लागला. कामगार तंबूत राहत.

नुसता मनोराच नव्हता. भोंग्याची इमारत, तेलाची कोठी, रक्षकांसाठी एकसारखी तीन विटांची घरे आणि त्यांच्यामागची कोठारे असे अख्खे ठाणे उभे केले. ३१ जुलै १९१० ला दिवा पहिल्यांदा लागला.

यारीने सामान चढवणे पुढेही चालूच राहिले. १९१५-१६ मध्ये धक्क्यापासून माथ्यापर्यंत रुळांचा उतरता मार्ग बांधला आणि गाडी दोराने ओढली जाऊ लागली. रस्ता झाल्यावर सामान ट्रकने येऊ लागले आणि १९३४ च्या सुमारास ही गाडी बंद झाली. तिचे काँक्रीटचे खांब उतारावर अजून उभे आहेत. बहुतेक लोक ते कसले म्हणून विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकले.

७. त्याआधी या किनाऱ्यावर कोणीच नव्हते का?

होते की. हा ओजिब्वे लोकांचा मुलूख. ते सरोवराला गिचिगामी म्हणतात. १८५४ च्या ला पॉइंट करारानंतर हा किनारा अमेरिकी सरकारकडे गेला आणि गोऱ्यांची वस्ती सुरू झाली. कड्याच्या पायथ्याजवळच्या छोट्या खाडीत ‘लिटल टू हार्बर्स’ नावाची नॉर्वेजियन मासेमारांची वाडी होती. हेरिंग आणि ट्राउट पकडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटीवर चढवून डुलुथला पाठवायचे, असा त्यांचा व्यवसाय. ‘अमेरिका’ नावाची बोट १९०२ पासून या किनाऱ्याची एस. टी.च होती: टपाल, मासे, माणसे, सगळे तिच्यावर. १९२८ मध्ये ती आइल रॉयल बेटापाशी बुडाली, तोवर रस्ता आलेला होता.

८. मनोरा इतका बुटका का? फोटोत तर फार उंच वाटते.

फोटोत उंच दिसतो तो कडा. मनोरा जेमतेम १६ मीटरचा, अष्टकोनी, विटांचा. कडाच ४० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे दिवा सरोवराच्या पातळीपासून सुमारे ५१ मीटरवर येतो. सपाट वाळूवर बांधायचे असते तर हीच उंची विटांनी भरून काढावी लागली असती. शिवाय फार उंचावर दिवा नेला तर तो ढगात आणि धुक्यात हरवतो.

९. दिवा कशाचा होता? वीज कधी आली?

सुरुवातीला रॉकेलचा, पण वातीचा नव्हे. रॉकेलची वाफ करून ती जाळीच्या मेंटलवर जाळत. लग्नाच्या वरातीतली पेट्रोमॅक्स ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको, तत्त्व तेच. १९४० मध्ये वीज आली आणि १,००० वॅटचा बल्ब बसला. म्हणजे निम्मे आयुष्य हे दीपगृह रॉकेलवर चालले.

१०. एवढ्याशा दिव्याचा उजेड इतका लांब कसा जातो? आणि भिंग फिरते म्हणजे काय?

करामत दिव्याची नाही, भिंगाची. पॅरिसच्या बार्बिये, बेनार ए तुरेन या कारखान्यात बनलेले हे तिसऱ्या श्रेणीचे फ्रेनेल भिंग आहे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची कल्पना अशी की जाडजूड भिंग अखंड घडवण्याऐवजी काचेच्या लोलकांची कडी एकाभोवती एक बसवायची. मधली कडी किरण वाकवतात, कडेची परावर्तित करतात. वर-खाली वाया जाणारा प्रकाश गोळा होऊन आडव्या झोतात बाहेर पडतो. श्रेणी ठरते ती दिव्यापासून भिंगापर्यंतच्या अंतरावरून. तिसऱ्या श्रेणीत ते अर्धा मीटर असते.

इथले भिंग दोन फुगीर अर्धांचे आहे, शिंपला मिटल्यासारखे. दोन अर्धे म्हणजे विरुद्ध दिशांना दोन झोत. भिंग २० सेकंदांत एक फेरी घेते, म्हणून दूरच्या जहाजाला दर १० सेकंदांनी एक लखलखाट दिसतो. दिवा स्वतः विझत-पेटत नाही, तो सतत जळत असतो. झोत फिरून जातो एवढेच. ही दहा सेकंदांची लय हीच दीपगृहाची ओळख. कप्तान घड्याळ लावून मोजायचा आणि यादीत पाहायचा: दहा सेकंद, म्हणजे स्प्लिट रॉक.

एवढा काचेचा आणि पितळेचा डोलारा फिरवायला यंत्र मात्र साधे. भिंग पाऱ्याच्या हौदात तरंगत असते, त्यामुळे घर्षण जवळजवळ नाहीच. बोटाने ढकलले तरी हलते. फिरवण्याचे काम लंबकाच्या घड्याळासारख्या चक्रांचे, आणि चक्रांना ओढ मनोऱ्याच्या मधोमध खाली उतरणाऱ्या वजनाची. दर दोन-एक तासांनी हे वजन हाताने कळ फिरवून वर आणावे लागे. रात्रभर. रक्षकाला झोप का लागत नसे ते यावरून कळेल. पाऱ्याची वाफ विषारी असते याची काळजी त्या काळी फारशी कोणी केली नाही.

११. उजेड किती लांबून दिसायचा? कोणी ३५ किलोमीटर सांगते, कोणी १००.

दोन्ही खरे आहेत, फक्त मोजायची गोष्ट वेगळी आहे. अधिकृत पल्ला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. ही मर्यादा दिव्याच्या ताकदीची नसून पृथ्वीच्या गोलाईची आहे. ५१ मीटर उंचीवरच्या दिव्याचे क्षितिज साधारण २७ किलोमीटरवर, जहाजाच्या डेकवरचा माणूस पाण्यापासून चार-पाच मीटर वर असतो, त्याचे आठेक किलोमीटर, बेरीज ३५. त्यापलीकडे दिवा क्षितिजाआड जातो.

पण झोत वर ढगांवर पडला की त्याची उजळण क्षितिजाआडूनही दिसते. शंभरेक किलोमीटरवरच्या ग्रँड मॅरेपर्यंतच्या मासेमारांनी हा उजेड पाहिल्याचे सांगितले आहे. त्यांनी पाहिली ती उजळण असणार, दिवा नव्हे.

१२. दाट धुक्यात दिव्याचा काय उपयोग?

काहीच नाही, म्हणून भोंगा. १९१० पासून पेट्रोल इंजिनांनी हवा दाबून सायरन वाजवला जाई. १९३० च्या दशकात त्याजागी डायाफोन जातीचा भोंगा आला आणि पुढे तोही बदलला. धुके उतरले की दिवस असो की रात्र, कोणीतरी इंजिनापाशी बसलेच पाहिजे. सलग धुक्याच्या दिवसांत रक्षकांचे आणि घरच्यांचे कान किटत असणार. १९६१ मध्ये भोंगा बंद झाला.

१३. दीपगृहात कोण राहायचे?

मनोऱ्यात कोणी नाही. शेजारच्या तीन घरांत. एक मुख्य रक्षक आणि दोन साहाय्यक. पहिले मुख्य रक्षक ओरेन ‘पीट’ यंग, १९१० ते १९२८. त्यांच्यानंतर फ्रँकलिन कोवेल, १९४४ पर्यंत. नेमणुका सरकारी, गणवेश सरकारी, तपासणीला अधिकारी बोटीने येत. योगायोग असा की जून १९१० मध्येच अमेरिकेतली दीपगृहे जुन्या मंडळाकडून नव्या दीपगृह विभागाकडे गेली होती. १९३९ मध्ये तो विभाग तटरक्षक दलात विलीन झाला.

रात्री पहारा पाळीपाळीने. दिवसा काचा पुसणे, पितळ घासणे, रंग देणे, इंजिने तेल घालून ठेवणे, आणि नोंदवही. दिवसा दिव्याच्या खोलीचे पडदे ओढून ठेवत, कारण जे भिंग आतला प्रकाश बाहेर फेकते तेच बाहेरचे ऊन आत एका बिंदूवर गोळा करून आग लावू शकते. पिण्याचे पाणी सरोवराचेच, पंपाने वर चढवलेले. सुरुवातीच्या वर्षांत बायकामुले मुख्यतः उन्हाळ्यापुरती येत. कड्यावर शाळा कुठून असणार?

१४. दोन रक्षक बुडाले अशी गोष्ट गाइड सांगतो. खरी की पर्यटकांसाठी?

खरी आहे. दिवा लागून तीन महिनेही झाले नव्हते. ऑक्टोबर १९१० मध्ये दोन्ही साहाय्यक, एडवर्ड सेक्स्टन आणि रॉय गिल, शिडाची लहान बोट घेऊन बीव्हर बे गावाहून टपाल आणायला गेले. बोट नंतर उलटलेली सापडली. ते दोघे कधीच सापडले नाहीत. सरोवराचे पाणी खोलात बारमाही सुमारे चार अंशांवर असते. अशा थंडीत शरीर कुजण्याची क्रिया जवळपास थांबते, आत वायू धरत नाही आणि मृतदेह वर येत नाही.

दीपगृहावरच्या ठाण्याची ही पहिलीच मोठी हानी वादळात किंवा जहाज फुटून नव्हे, टपालाच्या फेरीत झाली, हे मला नेहमी जास्त अस्वस्थ करते.

१५. हिवाळ्यात दिवा चालू असायचा का?

नाही. जहाजेच नसत. साधारण एप्रिलपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत हंगाम. मग दिवा मालवून रक्षक मुक्काम हलवत. सरोवर पूर्ण गोठते असे मात्र नाही. तसे क्वचितच, २०१४ सारख्या एखाद्या वर्षी जवळपास होते. पण बंदरे, खाड्या आणि सू सेंट मेरीचा मार्ग बर्फाने अडतो. आजही तिथले जलपाश १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात.

१६. इथल्या खडकात लोखंड आहे म्हणून होकायंत्र फसते म्हणतात. मग खाणी इथेच आहेत का?

पहिले खरे, दुसरे नाही. नॉर्थ शोअरच्या काही खडकांत चुंबकीय खनिज आहे आणि नौकानयनाच्या नकाशांवर या भागात होकायंत्र बिघडण्याची सूचना असते. अंदाजाने चालणाऱ्या त्या काळच्या कप्तानाला ती चूक महागात पडे.

लोहखनिजाचा मेसाबी पट्टा मात्र इथून बराच आत, डोंगराळ भागात आहे. माल तिथून रेल्वेने टू हार्बर्सला आणि डुलुथला येई. खुद्द दीपगृहाचा कडा अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या फिकट, कठीण खडकाचा आहे. याच खडकाने एका कंपनीला चांगलेच फसवले होते: १९०२ मध्ये टू हार्बर्सला स्थापन झालेल्या मंडळींना याच किनाऱ्यावर घासकामाचा महागडा कुरुंद सापडल्याचा भास झाला, निघाला तो अ‍ॅनॉर्थोसाइट. खाण बुडाली, कंपनी तगली. आज तिला ३एम म्हणतात.

१७. हे दीपगृह १९०५ मध्ये असते तर ती जहाजे वाचली असती का?

प्रश्न अवघड, आणि माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही: बहुधा नाही. ज्या वादळाच्या नावाने हे उभे राहिले ते हिमवादळ होते. भुरभुरणाऱ्या बर्फात दिवा काहीशे मीटरही दिसत नाही. ‘मटाफा’ तर डुलुथच्या तोंडाशी, दक्षिण धक्क्यावरच्या दिव्यांच्या उजेडात फुटले. त्याला जागा कळत होती, लाटांपुढे चालले नाही. (उत्तर धक्क्यावरचा दिवा १९१० मध्ये आला.) दोर सुटलेल्या, इंजिन नसलेल्या मडीराला कडा दिसला असता तरी तो करणार काय होता?

ईडनबॉर्नच्या बाबतीत थोडी शक्यता आहे. तिच्याकडे इंजिन होते, चूक दिशेची होती. भोंगा ऐकू आला असता तर कदाचित. या दीपगृहाचा खरा उपयोग वादळापेक्षा साध्या रात्री झाला: आकाश स्वच्छ, होकायंत्र चुकते आहे, आणि उजव्या हाताला दर दहा सेकंदांनी एक खूण. अशा रात्री वाचलेल्या जहाजांची नोंद कुठे होत नाही.

१८. मग एवढे प्रसिद्ध कशामुळे झाले?

रस्त्यामुळे. १९२४ मध्ये किनाऱ्याने जाणारा महामार्ग झाला आणि जिथे चौदा वर्षे फक्त बोटीने पोचता येत होते तिथे मोटारी येऊ लागल्या. अमेरिकेत घरोघर गाडी आणि कॅमेरा येण्याचा तोच काळ. कडा, मनोरा, खाली निळे पाणी. फोटोला आणखी काय हवे? १९३० च्या दशकात तर देशातल्या सर्वांत जास्त भेटी मिळणाऱ्या दीपगृहांत याची गणना होऊ लागली. रक्षकांच्या कामात पाहुण्यांना फिरवून आणणे हे नवे काम जमा झाले, तेही गणवेश नीट ठेवून.

म्हणजे जहाजांसाठी बांधलेल्या या ठाण्याला नाव मिळवून दिले ते मोटारवाल्यांनी. १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने पाच महासरोवरांच्या पाच दीपगृहांची तिकिटे काढली, त्यात सुपीरियरसाठी हेच निवडले.

१९. सुपीरियरवरचे सर्वांत जुने किंवा सर्वांत एकाकी दीपगृह हेच का?

दोन्ही नाही. व्हाइटफिश पॉइंट आणि कॉपर हार्बर इथे दिवे १८४९ पासून आहेत. टू हार्बर्सचेही १८९२ चे, म्हणजे याच्याआधीचे. एकाकीपणाचा मान स्टॅनर्ड रॉकचा: भर सरोवरात बुडालेल्या खडकावर, जमिनीपासून ३५ किलोमीटरहून लांब, १८८२ मधले. त्याच्यापुढे स्प्लिट रॉकची नोकरी म्हणजे सुखवस्तू बदली.

२०. बंद का केले? जहाजे तर अजून चालतात.

चालतात, तीनशे मीटरची अजस्र जहाजे आजही टू हार्बर्सहून आणि डुलुथहून खनिज भरून जातात. पण रडार आणि रेडिओ दिशादर्शन आल्यावर कड्यावरच्या दिव्याची गरज उरली नाही. १९६९ मध्ये तटरक्षक दलाने तो बंद केला. एकूण सेवा ५९ वर्षांची. १९७१ मध्ये जागा मिनेसोटा राज्याकडे आली आणि १९७६ पासून मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी ती सांभाळते. घरे आणि ठाणे १९२० च्या दशकात दिसत तसे ठेवले आहे. २०११ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

२१. म्हणजे आता दिवा कधीच लागत नाही?

लागतो, पण जहाजांसाठी नव्हे. दरवर्षी १० नोव्हेंबरला संध्याकाळी. १९७५ मध्ये याच तारखेला ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे खनिजवाहू जहाज २९ जणांसह बुडाले. १९८५ पासून त्यांची नावे वाचून प्रत्येकासाठी घंटा वाजवतात, मग तिसावा टोला महासरोवरांत गेलेल्या सर्वांसाठी, आणि दिवा लावतात. अंधार पडल्यावर मनोरा चढून पेटलेला दिवा पाहता येतो तो वर्षातला हा एकच दिवस. गर्दी असते, वारा हाडे गोठवणारा असतो. कानटोपी विसरू नका.

२२. फिट्झगेराल्ड इथेच बुडाले का?

हा गैरसमज त्या कार्यक्रमामुळेच पसरला आहे. जहाज विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरातून सुमारे २६,००० टन खनिजाच्या गोळ्या घेऊन डेट्रॉइटकडे निघाले होते. ते बुडाले सरोवराच्या पूर्व टोकाला, व्हाइटफिश उपसागराजवळ कॅनडाच्या हद्दीत. स्प्लिट रॉकपासून साडेचारशे किलोमीटरहून लांब. त्या रात्री व्हाइटफिश पॉइंटचा दिवा आणि रेडिओ खूण दोन्ही वीज गेल्याने बंद पडले होते. स्प्लिट रॉक तर सहा वर्षे आधीच निवृत्त झालेले. जहाजाची घंटा १९९५ मध्ये वर काढली. ती व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे.

२३. भारतातून आई-बाबा आले आहेत. गुडघे दुखतात. झेपेल का?

माथ्यावरचा फेरफटका झेपेल. मनोऱ्याचा गोल जिना अरुंद आहे पण थोडक्यात संपतो; नको वाटले तर बाबांना खाली भोंग्याच्या इमारतीत रमू द्या. सांभाळायचे ते खाली पाण्याकडे जाणारा जिना. पावणेदोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि उतरताना कोणाला काही वाटत नाही. पोस्टकार्डावरचा तो प्रसिद्ध कोन मात्र खालूनच, पश्चिमेकडच्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून मिळतो. तिथे शेजारच्या राज्य उद्यानातून गाडीने जवळ जाता येते, पायऱ्या वाचतात.

२४. मडीराचे अवशेष काठावरून दिसतात का? पाणबुड्यांना जाता येते का?

काठावरून नाही. तुकडे गोल्ड रॉकच्या पायथ्याशी पाण्याखाली पसरले आहेत, वरचे उथळ पाण्यात आणि खालचे तीसेक मीटर खोल. १९५० च्या दशकात पाणबुड्यांना ते सापडले, १९९२ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत गेले. आता पट्टीचे पाणबुडे जाड सूट घालून उन्हाळ्यात जातात. वस्तू उचलणे कायद्याने गुन्हा आहे. बार्ज कुठे आदळला आणि बेन्सन कुठून चढला (प्रश्न ४) हे समजून घ्यायचे असेल तर गोल्ड रॉकच्या माथ्यापर्यंत पायवाट आहे. कड्याच्या टोकाला कठडा असेलच असे धरून मुलांना पुढे सोडू नका.